लहान शिकाऱ्यासाठी ब्लाइंड की स्टँड? दुकानात जाण्याआधी मुलाला खुर्चीत बसवा

नोव्हेंबरचा गन सीझन (बंदुकीनं हरणाच्या शिकारीचा हंगाम) जवळ आला की अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमधल्या ओळखीच्या मराठी घरांतून फोन सुरू होतात. "मुलाचा हंटर एज्युकेशनचा कोर्स झालाय, आता ब्लाइंड कोणता घेऊ?" (ब्लाइंड म्हणजे शिकाऱ्यानं लपून बसायचा आडोसा, स्टँड म्हणजे झाडावरची उंच बैठक.) सीझन संपला की त्याच घरांतून तक्रार येते: हरीण आलं, समोर उभं राहिलं, पण मुलाला खिडकीतून दिसलंच नाही.

आमच्याकडे पहिल्या वर्षी अगदी हेच झालं. लेक अकरा वर्षांची. ब्लाइंड मोठ्यांच्या मापाचा, खिडकीची खालची कड तिच्या कपाळाशी. म्हणून मी तिला कूलर बॉक्सवर बसवलं. साडेसातच्या सुमारास चाळीस पावलांवर एक मादी आली. लेकीनं मान उंच केली आणि बॉक्सचं झाकण कर्रकन वाजलं. मादीचे दोन्ही कान आमच्याकडे वळले, पांढरी शेपटी ताठ वर झाली, आणि ती गेली. लेक त्यानंतर तासभर एक शब्द बोलली नाही.

चूक खरेदीच्या क्रमात होती. बहुतेक जण आधी ब्लाइंड घेतात, मग जागा बघतात आणि मूल त्यात कसं बसेल हे पहिल्या दिवशी पहाटे अंधारात ठरवतात. खाली दिलेला क्रम याच्या उलट आहे. उदाहरणं विस्कॉन्सिनची आणि रायफलची आहेत. राज्य दुसरं असेल तर मापं तीच राहतील, नियम मात्र तुमच्या राज्याचे वाचा.

## १. घरीच माप घ्या

हे काम सप्टेंबरमध्ये करा. लागतं काय? मोजपट्टी, पेन्सिल, शिकारीला नेणार तीच खुर्ची, रायफल टेकवायची त्रिपायी आणि नोव्हेंबरचे सगळे कपडे. टी-शर्टवर घेतलेलं माप निरुपयोगी आहे. जाड जाकीट घातलं की खांदा फुगतो आणि रायफलचा दस्ता पुढे सरकतो, मग डोळा स्कोपपासून (रायफलवरच्या दुर्बिणीपासून) लांब जातो. थर्मल, जाकीट, नारिंगी बंडी, टोपी, कानावरचे मफ, सगळं चढवा.

रायफल रिकामी आहे हे तुम्ही आणि मुलानं, दोघांनीही डोळ्यांनी आणि बोट घालून तपासा. बोल्ट (नळीमागचा सरकता भाग) उघडा ठेवा. काडतुसं दुसऱ्या खोलीत कुलपात.

आता मुलाला खुर्चीत बसवा. दोन्ही तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले हवेत. पाय लोंबकळले तर दहा मिनिटांत झुलायला लागतात आणि गारही लवकर पडतात. खुर्चीचे पाय कमी-जास्त करता येत असतील तर इथेच करून घ्या. मग त्रिपायीवर रायफल टेकवून भिंतीवरच्या एखाद्या खुणेवर नेम धरायला सांगा, आणि जमिनीपासून नळीच्या खालच्या बाजूपर्यंतची उंची मोजा.

आमच्या लेकीचं माप आलं ३४ इंच. यातून चार इंच वजा केले की ३० उरतात. खिडकीची खालची कड त्याहून वर नको. हा आकडा फोनमध्ये लिहून ठेवा, पुढची सगळी खरेदी त्याच्यावर आहे.

तपासणी: कोणता डोळा प्रबळ आहे तेही याच दिवशी बघून घ्या. दोन्ही डोळे उघडे ठेवून अंगठा लांबच्या दिव्यावर धरायला सांगा, मग एकेक डोळा मिटायला. ज्या डोळ्यानं अंगठा दिव्यावरून हलत नाही तो प्रबळ. उजव्या हाताचं मूल डाव्या डोळ्याचं निघालं तर खुर्ची, त्रिपायी आणि खिडकी, सगळ्यांची मांडणी बदलू शकते.

## २. जमिनीवर की उंचावर, हे मुलाच्या चुळबुळीवर ठरवा

एक साधी परीक्षा घ्या. मागच्या अंगणात, थंडीचे कपडे घालून, फोनशिवाय मुलाला चाळीस मिनिटं बसवा. तुम्ही शेजारी बसा आणि ते किती वेळा हललं ते मोजा. रागवायला नव्हे, निवड करायला. दहा-बारा वर्षांचं मूल हलणारच. ते हललेलं झाकेल अशी जागा तुम्हाला घ्यायची आहे.

घडीचा ब्लाइंड. जमिनीवर उभा करायचा कापडी तंबू. हालचाल झाकतो, वारा अडवतो, आणि तुम्ही मुलाच्या कानात कुजबुजू शकता. तोटे दोन. तुमचा वास हरणाच्या नाकाच्याच उंचीवर पसरतो. आणि गोळी जवळजवळ आडवी जाते, त्यामुळे हरणामागे काय आहे याचा विचार दुप्पट करावा लागतो.

खांबांवरचा पेटी-ब्लाइंड. लाकडी किंवा प्लास्टिकची खोली, पाच-सहा फूट उंच खांबांवर. पायऱ्या रुंद असतील आणि धरायला कठडा असेल तर लहान मुलासाठी याहून चांगलं काही नाही. गोळी किंचित खाली उतरत जमिनीत जाते. पण तो हलवता येत नाही, म्हणजे शेत स्वतःचं किंवा ओळखीच्याचं हवं.

लॅडर स्टँड. झाडाला टेकवलेली शिडी, वर दोघांची बैठक, साधारण पंधरा ते अठरा फुटांवर. थोडक्यात लोखंडी मचाण, फक्त आडोसा नसलेलं. वरून दिसतं छान, वासही वरून निघून जातो. पण मुलाची प्रत्येक हालचाल आकाशाच्या पार्श्वभूमीवर उघडी पडते. थंडी दुप्पट लागते. आणि पडण्याचा धोका खरा आहे.

माझं मत स्पष्ट आहे: पहिले दोन सीझन जमिनीवर किंवा पेटीत. बारा वर्षांखालच्या मुलाला लॅडर स्टँडवर मी नेणार नाही, ते कितीही चपळ असलं तरी.

## ३. नियम आणि परवानगी

विस्कॉन्सिनमध्ये १ जानेवारी १९७३ किंवा त्यानंतर जन्मलेल्या व्यक्तीला स्वतंत्रपणे शिकारीचा परवाना घ्यायचा असेल तर हंटर एज्युकेशन झालेलं असावं लागतं. म्हणजे आपल्यापैकी बऱ्याच आई-बाबांनाही. मूल मेंटॉरसोबतच्या (मार्गदर्शक मोठ्या शिकाऱ्यासोबतच्या) परवान्यावर येणार असेल, तर मेंटॉर हाताच्या अंतरावरच हवा. ब्लाइंडमध्ये दुसरी खुर्ची कुठे मावते हा प्रश्न म्हणून कायद्याचाही आहे.

गन सीझनमध्ये कमरेच्या वरचे निम्मे बाह्य कपडे भडक नारिंगी किंवा भडक गुलाबी हवेत. टोपी घातली तर तीही निम्मी. सोबतच्या मोठ्या माणसालाही हेच लागू. ब्लाइंडमध्ये शिरलो म्हणून नारिंगी काढायचं नाही. हरणाला नारिंगी रंग आपल्यासारखा वेगळा दिसत नाही, निळा मात्र चांगला दिसतो. निळी जीन्स आणि निळा मफलर घरी ठेवा.

राज्याच्या डीएनआर (नैसर्गिक साधनसंपत्ती विभाग) जमिनीवर गन सीझनमध्ये ब्लाइंड उभा करत असाल तर चहूबाजूंनी दिसेल असं किमान १४४ चौरस इंच नारिंगी किंवा गुलाबी कापड त्यावर लावावं लागतं, शिवाय दाराशी नाव-पत्ता किंवा डीएनआर क्रमांक. आणि कापडी ब्लाइंड रात्रभर तिथे सोडता येत नाही. याचा व्यवहारातला अर्थ असा की सरकारी जमिनीवर जाणाऱ्यानं पाठीवर नेता येईल असा हलका ब्लाइंड घ्यावा आणि तो अंधारात उभा करण्याचा सराव करावा. खासगी शेतावर मालकाची परवानगी लेखी घ्या आणि गाडी कुठे लावायची तेही विचारून ठेवा.

सावधान: वणव्यासारखी माहिती पसरते, "आमच्या काउंटीत मका टाकलेला चालतो." अनेक काउंट्यांत हरणांना आमिष टाकायला बंदी आहे. त्या वर्षीचा नियम स्वतः वाचल्याशिवाय एक दाणाही टाकू नका.

## ४. दुकानात मोजपट्टी घेऊन जा

लेबलवर "दोन माणसांचा" लिहिलेलं असतं. त्या हिशेबात दोन स्टुलं असतात, त्रिपायी, बॅग आणि जाड बूट नसतात. एक मूल आणि एक मोठं माणूस यांच्यासाठी "तीन माणसांचा" घ्या.

उभा केलेला नमुना दुकानात असेल तर आत शिरा आणि जमिनीपासून खिडकीच्या खालच्या कडेपर्यंत स्वतः मोजा. खोक्यावर एकूण उंची मोठ्या अक्षरांत असते, कडेची उंची सहसा नसतेच. तुमच्या आकड्यापेक्षा कड वर असेल तर तो ब्लाइंड परत ठेवा, मग सवलत कितीही असो. "खुर्ची उंच करू" हा उपाय करू नका. खुर्ची उंच झाली की पाय लोंबकळतात आणि पहिल्या पायरीवरची सगळी मेहनत वाया जाते.

मग खिडकी उघडून बघा. वेल्क्रोची खिडकी शांत रानात कापड फाडल्यासारखी वाजते. आकड्याची किंवा सरकती खिडकी घ्या, आणि ती मुलाच्या हातमोज्यातल्या बोटांनी उघडते का ते बघा. आतला रंग काळा हवा. आत उभं राहून शिवणीतून उजेडाचे ठिपके दिसतात का तेही पाहा.

काही ब्लाइंडना आतून बाहेरचं दिसेल असं जाळीदार कापड असतं. मुलाला सगळीकडचं दिसत राहतं, म्हणून कंटाळा कमी येतो. पण जिथून दिसतं तिथून गोळी झाडायची नाही, खिडकी एकच, हे त्याला घरीच पक्कं सांगावं लागतं.

## ५. अंगणातली तालीम

ही पायरी सगळ्यात जास्त वगळली जाते आणि सगळ्यात जास्त चुका इथेच पकडल्या जातात. ब्लाइंड अंगणात उभा करा (शेजाऱ्यांना आधी सांगा, रिकामी असली तरी रायफल बघून कुणी दचकू नये). अंगण उघडं असेल तर गॅरेजमध्ये करा. रायफलऐवजी तेवढ्याच लांबीची काठी वापरली तरी निम्मं काम होतं.

दोन खुर्च्या मांडा. मुलाची खिडकीसमोर, तुमची अर्धी मागे आणि सेफ्टी (चाप अडवणारी कळ) ज्या बाजूला आहे त्या बाजूला, हात लांबवला की रायफलला पोहोचेल अशी. मुलानं नेम धरला की तुम्ही बाजूनं नळीचं तोंड बघा.

स्कोप नळीच्या साधारण दीड इंच वर बसतो. मुलाला स्कोपमधून समोरचं झाड लख्ख दिसत असतं, मात्र त्याच क्षणी नळीचं तोंड खिडकीच्या कडेवर, कापडावर रोखलेलं असू शकतं. ते मुलाला आतून कळत नाही. आमच्या लेकीनं पहिल्या तालमीत "दिसतंय, अगदी स्पष्ट" म्हटलं तेव्हा नळी कडेच्या शिवणीत रुतलेली होती. मी तिला स्कोपवरून डोळा काढून नळीवरून बघायला लावलं. मग तिनं स्वतःच त्रिपायी एक खाच वर घेतली. तेव्हापासून तिची सवय ठरली आहे: नळीचं तोंड खिडकीच्या बाहेर, मग स्कोप, मग सेफ्टी, आणि शेवटी बोट चापावर.

नळी खिडकीबाहेर ठेवण्याचं दुसरं कारण कान. गोळीचा आवाज बंद जागेत कोंडतो आणि एका गोळीनंसुद्धा ऐकण्याची शक्ती कायमची कमी होऊ शकते. दोघांच्याही कानांवर संरक्षण हवं. आजूबाजूचं ऐकू देणारे इलेक्ट्रॉनिक मफ घेतले तर मुलाला तुमची कुजबूज कळते. मफ दस्त्यावर आपटत असेल तर पातळ मफ किंवा कानात घालायचे बोळे घ्या.

आता हरीण खिडकीच्या डाव्या टोकाला आलं असं समजा. मूल त्रिपायीसकट वळू शकतं का? खुर्ची वाजते का? तुमचा गुडघा मध्ये येतो का? मग उजवं टोक. वळता येत नसेल तिथे खिडकी आतून झाकून टाका. जिथे नेम धरता येत नाही ती दिशा उघडी ठेवली की मूल घाईत तिकडे वळायचा प्रयत्न करतं.

तपासणी: उठून उभं राहा, बाहेर जा, परत या, बसा. दिवे बंद करून हे तीन वेळा करा. काहीही न पाडता जमलं की तालीम झाली.

## ६. अंतर आणि जागा

अंतर मुलाचं, तुमचं नव्हे. शूटिंग रेंजवर त्याच खुर्चीत, त्याच त्रिपायीवर, जाकीट घालून जेवणाच्या कागदी थाळीवर नेम धरायला लावा. पाचपैकी पाच गोळ्या थाळीत बसतात ते सगळ्यात लांबचं अंतर हीच हद्द. ती पन्नास यार्ड आली तर पन्नास. ब्लाइंडपासून तेवढ्या अंतरावर झाडाला फीत बांधून ठेवा, म्हणजे सकाळी मुलाला हिशेब करावा लागत नाही.

जागा बघताना आधी वारा. हरणाच्या वाटेकडून तुमच्याकडे वारा यायला हवा. गन सीझनमध्ये इकडे तो बऱ्याचदा पश्चिम किंवा वायव्येचा असतो, पण रोज तसाच असेल असं नाही. म्हणून दोन जागा ठरवा, एक वायव्येच्या वाऱ्याची, एक दक्षिणेच्या. सकाळी निघताना वारा बघून त्यातली एक. दोन्हीकडे वारा वाईट असेल तर त्या दिवशी न जाणं बरं.

मग सूर्य. सकाळच्या बैठकीला खिडकी पूर्वेला असेल तर ऊन थेट मुलाच्या डोळ्यात आणि स्कोपमध्ये येतं, शिवाय ब्लाइंडचं आतलं सगळं बाहेरून उजळून निघतं. उत्तर किंवा पश्चिम बरी. संध्याकाळी याच्या उलट.

तिसरी गोष्ट पार्श्वभूमी. जमिनीवरच्या ब्लाइंडसाठी हरणामागे उतार, टेकाड किंवा मातीचा बांध हवाच. मागे रस्ता, घर, गोठा किंवा नुसतं क्षितिज असेल तर ती जागा सोडा. मुलाला तिथे उभं करून विचारा, "गोळी चुकली तर कुठे जाऊन थांबेल?" त्यानं बोट दाखवून जागा सांगितली पाहिजे.

## ७. उभारणी

खासगी शेतावर ब्लाइंड दोन-तीन आठवडे आधी उभा करा, हरणांना तो नेहमीचा वाटायला लागतो. त्याआधी घरामागे काही दिवस उघड्यावर ठेवा, नव्या कापडाचा वास जातो.

आतली जमीन मातीपर्यंत साफ करा. एकही सुकं पान, एकही काटकी नको. हे काम मुलालाच द्या. ज्यानं स्वतः पानं वेचली आहेत ते मूल आत पाय जपून ठेवतं. ब्लाइंड सगळ्या कोपऱ्यांना खुंट्या ठोकून आणि वरून दोऱ्या ताणून बांधा. बाहेरून तिथल्याच फांद्या आणि गवत लावा, पण नारिंगी कापड झाकू नका. समोरची खिडकी सोडून बाकीच्या बंद. मागची खिडकी उघडी राहिली तर मुलाच्या डोक्याची काळी आकृती बाहेरून स्पष्ट दिसते.

## ८. लॅडर स्टँडच घ्यायचा असेल तर

मूल मोठं आहे, स्थिर बसतं आणि शेतात दुसरी जागा नाही, असं असेल तेव्हाच.

झाड जिवंत आणि सरळ. इकडे अॅशची झाडं किडीनं मेलेली उभी असतात, वरून धडधाकट दिसतात आणि आतून ठिसूळ असतात. त्यांना हात लावू नका. स्टँड उभा करायला तीन मोठी माणसं लागतात. मूल त्या वेळी लांब उभं राहील. गेल्या वर्षीचे पट्टे नव्यानं बदला, ऊन आणि खारी दोघंही ते कुरतडतात.

हार्नेस (पडताना धरून ठेवणारे अंगावरचे पट्टे) मुलाच्या मापाचा, पूर्ण अंगाचा. मोठ्यांचा हार्नेस आवळून बसवू नका, पडताना मूल त्यातून निसटू शकतं. लेबलवर किमान वजनही असतं, ते वाचा. जमिनीवरून पाय उचलण्याआधी हार्नेस झाडावरच्या सुरक्षा-दोरीला प्रुसिक गाठीनं (दोरीवर सरकते, पण ताण आला की आवळते) जोडलेला हवा, आणि परत जमिनीवर पाय टेकेपर्यंत तो सुटता कामा नये. प्रत्येकाची दोरी वेगळी. शिडीवर एका वेळी एकच जण. वर बसल्यावर गाठ डोक्याच्या वर आणि दोरीला ढील जवळजवळ नाही.

रायफल खालून दोरीनं वर ओढायची, रिकामी, बोल्ट उघडा, तोंड खाली. हातात किंवा खांद्यावर घेऊन शिडी चढायची नाही, मोठ्यांनीसुद्धा.

तपासणी: हार्नेसमध्ये लटकायचा सराव जमिनीपासून फूटभर उंचीवर करा. लटकल्यावर पाय ठेवायचा पट्टा मुलाला स्वतः बाहेर काढून त्यात उभं राहता आलं पाहिजे, नाहीतर मांड्यांतला रक्तप्रवाह दाबला जातो.

## ९. शिकारीची सकाळ

उजाडायच्या तासभर आधी जागेवर पोहोचा. मूल घामेजेल इतकं भरभर चालवू नका. जाकीट पाठीवर बांधून न्या, बसताना चढवा. बसायचा क्रम असा: आधी खुर्च्या, मग त्रिपायी, मग खिडकी, मग मफ. काडतूस सगळ्यात शेवटी, तुमच्या हातानं, नळी खिडकीबाहेर असताना.

खायला कागदात गुंडाळलेली पोळी-भाजी किंवा लाडू घ्या. चिवड्याची प्लास्टिकची पिशवी नको, तिचा आवाज फार लांब जातो. बुटांखाली जाड फोमचा तुकडा टाकला तर पाय बराच वेळ ऊबदार राहतात.

सावधान: गॅसचा हीटर बंद ब्लाइंडमध्ये लावू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपाळलेलं मूल थंडीनं पेंगतंय की गॅसनं, हे तुम्हाला कळणार नाही. हातात धरायच्या गरम पुड्या वापरा.

दीड-दोन तासांनी मूल गारठलं तर उठा. हरीण दिसलं नसलं तरी. आधी काडतूस काढा, दोघांनी तपासा, मग खिडकी बंद करा.

सीझन संपला की ब्लाइंड पूर्ण वाळवून मगच घडी घाला, नाहीतर कापडावर बुरशी येते आणि तो वास पुढच्या वर्षीपर्यंत जात नाही. आणि सप्टेंबर आला की मुलाला पुन्हा खुर्चीत बसवा. आमच्या लेकीनं यंदा फोनमधला ३४ खोडून ३६ लिहिला.